विदुलाताईचा हात

विदुलाताई, मागच्या महिन्यात मी तुझं एक काडतूस उकललं.

श्रीधरभाऊजींचा फोन आला होता. "मेधा, विदूच्या कुलपाच्या कप्प्यात काडतुसांचा एक डबा राहिलाय. माझ्याकडे लायसन्स नाही. पोलिसांकडे नेऊन द्यायचा का?" मी म्हटलं, कशाला, माझ्याच गॅरेजमध्ये भरलेली आहेत, मी घेऊन जाते. पेनरोजहून ऑफिस सुटल्यावर परस्पर पापाकुराला तुमच्याकडे आले, दारातच डबा घेतला, चहा नको म्हटलं आणि निघाले. भाऊजींसमोर बसायचा मला धीर नव्हता. तू जाऊन महिनाही झाला नव्हता.

घरी येऊन मी ती काडतुसं सुटी करायला बसले. तुझं पिस्तुल आता दुसऱ्याकडे आहे आणि मला वस्तू वाया गेलेल्या चालत नाहीत, हे तुला नव्याने सांगायला नको. प्लास्टिकच्या त्या हातोडीत काडतूस अडकवायचं, जमिनीवर दोन दणके द्यायचे, की पुढची शिशाची गोळी सुटते, पावडर वेगळी होते आणि पितळ परत वापरता येतं. पहिली गोळी सुटली. नुसत्या सवयीने मी ती जाडी मोजायच्या कॅलिपरमध्ये धरली. बारीक होती. दुसरं काडतूस उकललं, तीही बारीक. मग दुकानातून आणलेल्या, अजून न वापरलेल्या गोळ्यांतली एक मोजली. ती अगदी बरोबर होती.

म्हणजे गोळी आणताना बरोबर होती आणि काडतुसात बसवल्यावर बारीक झाली होती. आणि बसवण्याचं काम माझ्या काडतुसं भरायच्या प्रेसवर, मी लावलेल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात व्हायचं.

नळीपेक्षा बारीक गोळी नळीत ढिली जाते. आतल्या आट्यांना ती धरत नाही, नीट गिरकी घेत नाही आणि बाहेर पडल्यावर वाटेल तिकडे जाते. पिस्तुल धरणाऱ्याचा हात दगडासारखा असला, तरी काही उपयोग नसतो.

मी गॅरेजमध्ये तशीच बसून राहिले. इराने दार उघडून "Mum, are we eating?" असं विचारलं, तेव्हा कुठे उठले.

आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना तू माहीत आहेस ती फार्मसीतली विदुलाताई. कोणाच्या आईचं इंडियातलं औषध इथे कोणत्या नावाने मिळतं, हे फोनवर सांगणारी. तुझ्या पिस्तुलाबद्दल त्यांना ऐकून माहीत होतं, पण त्याची सगळ्यांनी गंमतच केली. मलाही आधी गंमतच वाटली होती. दोन हजार बारा साली मी या देशात नवीन होते, नवरा कामासाठी सारखा वेलिंग्टनला, मुलगी लहान. तू मला मंडळाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये गाठलंस आणि विचारलंस, "भिशी, भजन की पिस्तुल? तिन्हीकडे जागा आहे." मी हसले, तर म्हणालीस, "हसू नकोस. पहिल्या दोन ठिकाणी बोलावं लागतं. तिसरीकडे कान झाकून गप्प उभं राहायचं असतं. तुला सध्या त्याची गरज आहे."

खरंच होती. तुझ्याहून बारा वर्षांनी लहान मी, आणि शनिवारी सकाळी तुझ्या गाडीत बसले की माझं डोकं शांत व्हायचं. कॉलेजमध्ये एनसीसीत असताना तू रायफल चालवली होतीस, आणि पन्नाशी ओलांडल्यावर या देशात येऊन पिस्तुल हातात घेतलंस. रेंजवर कानांवर मफ चढवायच्या आधी तू अंबाडा सोडून वेणी घालायचीस, कारण अंबाड्यावर तो पट्टा नीट बसत नाही. ब्रेंट, आपला रेंज ऑफिसर, सगळ्यांना घाई करायचा, पण तुझी वेणी होईपर्यंत थांबायचा. तुझ्या डब्यातल्या थालिपिठाचा त्यात मोठा वाटा होता. पण खरं कारण असं की तू नेम धरलास की बाकीचे बघायला थांबायचे. कागदावर तुझी भोकं एकमेकांना चिकटून पडायची. आपण त्याला पुंजका म्हणायचो. "माझा पुंजका बघ," असं तू म्हणायचीस, नातवंडाचा फोटो दाखवल्यासारखं.

काडतुसं घरी भरायची कल्पना माझी. तुला दुकानातली चालत होती. मी म्हटलं, घरचं ते घरचं, आपल्याला हवं तसं करता येतं, दर वेळी एकसारखं. मी क्वालिटीत काम करते. आमच्या कारखान्यात डब्यांची झाकणं बनतात, ती का गळतात हे शोधायचा मला पगार मिळतो. मला वाटलं, काडतुसं म्हणजे त्याहून सोपं काम. गॅरेजमध्ये बाक लावला, प्रेस बसवली, भिंतीवर पायऱ्या लिहिलेला कागद चिकटवला. रविवारी दुपारी आपण दोघी फराळाला बसल्यासारख्या बसायचो. तू पितळं पुसून द्यायचीस, मी पावडर मोजायचे, तू गोळी तोंडाशी ठेवायचीस, मी दांडा खाली ओढायचे. शेवटची पायरी म्हणजे पितळेचं तोंड गोळीभोवती किंचित आवळणं. ती पायरी मी तुला कधी दिली नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये तुझ्या पिस्तुलात एक काडतूस अर्ध्यात अडकलं. तोंड पुरतं आवळलेलं नव्हतं. तू ते काढलंस, हसलीस आणि पुढे गेलीस. मला मात्र ते सहन झालं नाही. माझ्या बाकावरून असं काही बाहेर जावं? त्याच संध्याकाळी मी डाय घट्ट केली. जरा जास्तच घट्ट, म्हणजे पुन्हा प्रश्नच नको. रिंग आवळली आणि वर लाल नेलपॉलिशची रेघ मारली, याला कोणी हात लावू नये म्हणून. पुढच्या रविवारी तू म्हणालीस, "अगं मेधे, करंजी आहे का ती? केवढी दाबतेस." मी म्हटलं, "दाबली नाही की तळताना फुटते." तू म्हणालीस, "बरं बाई, घर तुझं, झारा तुझा."

जुलैपासून तुझा पुंजका सुटायला लागला.

त्यानंतरचे दोन महिने मी काय केलं ते मला पाठ आहे आणि ते आठवायची मला लाज वाटते, कारण त्यातलं बरंच काही बरोबर होतं. मी कारणांची यादी केली आणि एका वेळी एकच बदल करायचा असं ठरवलं. पावडर थोडी कमी करून पाहिली, मग थोडी जास्त. प्रायमर, म्हणजे पावडरला ठिणगी देणाऱ्या टिकल्या, बदलले. गोळी किती खोल बसते ते तपासलं. तुझ्या पिस्तुलाचे मागचे-पुढचे नेमकाटे हलतात का ते पाहिलं, स्क्रू घट्ट केले. कारखान्यात मी असंच करते. फक्त डाय त्या यादीत नव्हती. ती मी दुरुस्त केली होती ना. दुरुस्त केलेली गोष्ट बिघाडाच्या यादीत कशी येईल?

तू मला सांगत होतीस. माझ्यासारखं मुद्दे घालून नाही, पण सांगत होतीस. एकदा नळी साफ करताना म्हणालीस, "हल्ली आत शिसं फार बसतंय गं. ब्रश फिरवून हात दुखतो." मी म्हटलं, स्वस्तातल्या गोळ्या आहेत, बसणारच. एकदा टार्गेटचा कागद उजेडासमोर धरून म्हणालीस, "हे भोक बघ. गोल नाही, लांबुळकं आहे. गोळी आडवी होऊन गेली की काय?" मी म्हटलं, रात्री पाऊस झालाय, कागद दमट आहे. ताई, बारीक गोळीची हीच दोन लक्षणं असतात. मला पुस्तकी माहिती होती. समोर तू होतीस म्हणून मला ती आठवली नाही. कारखान्यात एखाद्या अनोळखी माणसाने हेच सांगितलं असतं तर मी कागद हातातून घेऊन नीट पाहिला असता.

आणि तो वाद. तो आपण पुरा केलाच नाही. रविवारी बाकाशी बसलेलो असताना तू विचारलंस, "तू हे सगळं मोजतेस ते भरायच्या आधी. भरून झाल्यावर कोण तपासतं?"

"भरून झाल्यावर काय तपासायचं? आत गेलं ते गेलं."

"आमच्याकडे बाटली भरून, लेबल लावून झाल्यावर पुन्हा तपासतात. भरणाऱ्याने नाही, दुसऱ्याने."

"ताई, औषधाचं वेगळं. तिथे माणसाचा जीव असतो."

"हो का?" एवढंच म्हणालीस आणि पितळ पुसत राहिलीस. मला वाटलं मी जिंकले.

तू आणखी दोन गोष्टी सुचवल्या होत्यास. दोन्ही मी केल्या असत्या तर एका सकाळी उत्तर मिळालं असतं. एक म्हणजे दुकानातून काडतुसांचा एक डबा आणून तुझ्या पिस्तुलातून मारून बघायचा. मी म्हटलं, घरचं असताना विकतचं कशाला? माझ्या बाकाला तो अपमान वाटला असता. दुसरं म्हणजे तू माझ्या पिस्तुलाने मारून बघायचं. माझ्या पिस्तुलाची नळी जरा आवळ आहे, त्यात त्याच बारीक गोळ्या बऱ्या जायच्या, म्हणून तर मला काडतुसांवर शंका येत नव्हती. तुझ्या हातात ते दिलं असतं तर तुझा पुंजका तिथेच कागदावर दिसला असता. पण ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला टौरंगाला मॅच होती, मी माझे नेमकाटे तिच्यासाठी जुळवून ठेवले होते, आणि माझ्या वस्तूंना दुसऱ्याने हात लावलेला मला आवडत नाही. मी म्हटलं, "मॅच झाल्यावर बघू." तू परत विचारलं नाहीस.

उलट मी तुझ्या पिस्तुलाने दहा गोळ्या मारल्या. माझ्याही इकडेतिकडे गेल्या. ते मी "सवयीचं नाही" म्हणून सोडून दिलं. स्वतःसाठी माझ्याकडे कारण लगेच तयार होतं.

शेवटी यादीत एकच ओळ उरली, ती म्हणजे माणूस. ऑगस्टच्या अखेरीस मी तुझी परीक्षा घेतली. रेंजवरचा जुना प्रकार आहे. पावडर, प्रायमर काही नसलेलं एक खोटं काडतूस खऱ्यांच्या मध्ये गुपचूप घालायचं. चाप ओढल्यावर आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि त्या क्षणी पिस्तुलाचं टोक खाली गेलं तर समजायचं की माणूस आधीच दचकतोय. तुझं टोक खाली गेलं. थोडंसंच, पण गेलं. मी ब्रेंटसमोर म्हटलं, "बघ ताई, काडतूस नाही, हात आहे."

तू पिस्तुल रिकामं करून टेबलावर ठेवलंस, मफ काढले आणि उजवा हात समोर धरून पाहिलास. "असं होय," म्हणालीस.

परवा मी ब्रेंटला सांगून तीच परीक्षा स्वतःची करून घेतली. माझंही टोक खाली गेलं. ब्रेंट म्हणाला, "सगळ्यांचंच जातं, मीदा. मोठा आवाज येणार म्हणून वाट बघणारं कोणीही थोडं वाकतंच." मला हे आधी विचारता आलं असतं.

मग गणपती आले. आरती झाली, हॉलमध्ये चहा सुरू झाला, सगळे होते. कपांचा ट्रे तुझ्याकडे आला आणि मी मोठ्याने म्हटलं, "ताईंना अर्धाच कप द्या हं, हात हलतो त्यांचा आता!" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, पिस्तुलवाल्या बाईंचा हात हलतो म्हणजे आपण सगळे टेबलाखाली. परत हसले. तूही हसलीस. म्हणालीस, "हो बाई, आता माझ्या समोर कोणी उभं राहू नका." तू हसलीस म्हणून मी पुढे आणखी दोन-तीनदा तोच विनोद केला. कोजागरीला केला. एकदा तुझ्या मुलाशी व्हिडिओ कॉल चालू असताना केला.

टौरंगाला तू आली नाहीस. "तू जा, मी आले तर मध्येच माझी काळजी करत बसशील." त्या मॅचसाठी तू वर्षभर तयारी केली होतीस, हे मला माहीत होतं. साठीच्या आत एकदा तरी तिथल्या निकालाच्या कागदावर नाव लागावं, एवढंच तुझं म्हणणं होतं. मी गेले, दिवसभर मारलं, परत येताना रस्त्याकडेच्या किवीफ्रूटच्या पेट्यांतली एक तुझ्यासाठी घेतली. म्हटलं, जखमेवर फुंकर. किती स्वतःवर खूष होते मी.

मग तू रेंजवर येणं कमी केलंस. पिस्तुलाचं लायसन्स टिकवायचं तर वर्षात ठरावीक वेळा हजेरी लागते, ती होणार नाही असं दिसल्यावर तू ख्रिसमसच्या आधीच पिस्तुल ब्रेंटला विकून टाकलंस. कागदपत्रं मी भरून दिली. मला फॉर्म भरायला आवडतात.

आणि आता फेब्रुवारीचं सांगते. हे सांगितल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नाही. ब्रेंटने तुझ्या पिस्तुलाने पहिल्यांदा मारलं आणि मला बोलावून टार्गेट दाखवलं. भोकं एकमेकांना चिकटून होती. मी रेंजवरूनच तुला फोन केला. "ताई, बघ, मी म्हणत होते ना. ब्रेंटच्या हातात तुझं पिस्तुल झकास चालतंय."

तू म्हणालीस, "बरं झालं गं. पिस्तुल तरी निर्दोष सुटलं."

ब्रेंट दुकानातली काडतुसं वापरत होता. त्याचा पिवळा डबा माझ्या समोर टेबलावर पडला होता. मारणारा बदलला होता आणि काडतूसही बदललं होतं, एकाच वेळी. असं पाहून निष्कर्ष काढणाऱ्या ट्रेनीला मी कारखान्यात परत बसून विचार करायला लावते. मी तुला आनंदाने फोन केला. त्यानंतर तीन आठवड्यांत तू गेलीस, झोपेतच. भाऊजी सकाळी उठवायला आले तेव्हा तू थंड झाली होतीस.

काडतूस उकलल्यावर त्या शनिवारी मी तुझा डबा घेऊन रेंजवर गेले. ब्रेंटला म्हटलं, ताईकडून घेतलेल्या पिस्तुलातून यातली दहा मार. त्याने मारली. भोकं कागदभर पसरली, दोन तर लांबुळकी होती. तो म्हणाला, "ही भंगार आहेत. कोणी भरली?" मी म्हटलं, मी. तो नळी साफ करत राहिला. शेवटी म्हणाला, "व्हिडूला कळायला हवं होतं हे." मग मी घरी जाऊन डाय सैल केली, नवी दहा भरून आणली, आणि त्याने ती मारली. ताई, पुंजका आला. तुझ्या पुंजक्याइतका नाही, पण आला.

मी तिथून सरळ भाऊजींकडे गेले. दोन्ही टार्गेटं आणि उकललेली गोळी बरोबर नेली होती. टेबलावर मांडली आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मी चांगलं सांगते, तुला माहीत आहे, क्रमाने. भाऊजींनी कागदांकडे पाहिलंच नाही. चष्मा काढून पुसत म्हणाले, "ती कप दोन्ही हातांनी धरायची. ऑक्टोबरपासून. मी विचारलं तर म्हणायची, थंडी वाजतेय."

मी टार्गेटं गुंडाळून बाजूला ठेवली.

"फार्मसीचं काम सोडलं तेव्हा मला म्हणाली, कंटाळा आला. मला वाटलं, खरंच आला असेल, इतकी वर्षं केलं. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, गोळ्या मोजताना हात हलला आणि कोणाला एखादी जास्त गेली तर? मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात पुढे करायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, चालून दाखवायला लावलं. म्हणाले, काही नाही, हात उत्तम आहेत."

"मग?"

"मग काय. गाडीत बसल्यावर म्हणाली, डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं. मेधाने दोन महिने टेस्ट घेतल्या आहेत."

ताई, हे वाक्य मी आल्यापासून रोज ऐकते आहे. तू डॉक्टरवर विश्वास ठेवला नाहीस, माझ्यावर ठेवलास. मी घेतलेल्या टेस्टवर, लाल रेघ मारलेल्या डायवर, भिंतीवरच्या कागदावर. आपल्या सगळ्या वर्षांत तू मला कधी 'तुला काय कळतं' असं म्हटलं नाहीस. वयाने मोठी असून, हातात कौशल्य असून, माझं पद्धतशीर वागणं तुला खरंच चांगलं वाटायचं. "मेधाने सांगितलं म्हणजे तपासून सांगितलं," असं तू लोकांना सांगायचीस. मी ते कौतुक म्हणून घेत होते. ती माझ्यावरची जबाबदारी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि तू काय दिलंस ते मी तपासून पाहिलंच नाही. माझी आई गेली तेव्हा मला तिकीट मिळालं नाही, त्या दिवशी तू फार्मसीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन माझ्याकडे आलीस, वरण-भाताचा कुकर लावलास आणि न बोलता इराचा अभ्यास घेत बसलीस. मी कामावर पहिल्यांदा मोठ्या मीटिंगमध्ये बोलले, त्याच्या आधी तू फोनवर सांगितलंस, "श्वास सोड, अर्धा राहू दे, मग बोल. नेम धरताना करतेस ना, तसंच." अजूनही मी तसंच करते. मीटिंगमध्ये सगळ्यांना वाटतं मी फार शांत आहे. ती शांतता माझी नाही. ती तुझ्या गाडीतल्या शनिवारांची आहे. तुझा हात हलत असता तर हे तू मला कुठून शिकवलं असतंस? एवढी साधी गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

मी भाऊजींना विचारलं, मी आता काय करू? मला काहीतरी करायचं होतं. एखादं काम द्या, म्हणजे मी ते करून टाकते. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? गणपतीत जे हसले त्यांना सांग."

म्हणून मी हे आपल्या मंडळाच्या अंकात छापायला दिलं आहे. संपादकांनी तुझ्यावर चार ओळी मागितल्या होत्या, जन्म, शिक्षण, समाजकार्य अशा. ते दुसरं कोणी लिहील. त्या दिवशी आरतीनंतर हॉलमध्ये जे होते, आणि कोजागरीला जे होते, त्यांच्यासाठी मी लिहिते आहे: विदुलाताईंचा हात हलत नव्हता. कधीच हलत नव्हता. काडतुसं मी भरली होती आणि ती चुकीची होती. मी चूक माझ्या बाकावर शोधली नाही, ती त्यांच्या हातावर ढकलली, आणि मग त्यावर विनोद केला. तो विनोद तुम्ही अजून कुठे सांगत असाल, तर कृपा करून सांगू नका.

डाय मी अजून वापरते. आता भरून झाल्यावर प्रत्येक डब्यातलं एक काडतूस उकलते, आणि त्यातली गोळी मोजायला ब्रेंटला देते, मी मोजत नाही. एवढ्याने काही होत नाही, मला माहीत आहे. शनिवारी रेंजवर एकटी जाते. पुंजका बरा येतो. कोणाला दाखवत नाही.

निघताना भाऊजी दारापर्यंत आले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "मेधा, ती तुझ्यावर रागावली नसती. तू तिला हे सांगितलं असतंस तर ती हसली असती."

हसली असतीस, हे मलाही माहीत आहे. म्हणाली असतीस, "अगं, एवढंच ना? चल, चहा टाक." आणि कप एका हाताने उचलला असतास. ताई, मला तेच सोसत नाही. एकदा तरी तू माझ्यावर ओरडायला हवं होतंस, की मेधे, माझा हात बरोबर आहे, तुझं यंत्र बघ. तू ओरडली नाहीस, कारण तुला वाटलं, मेधाचं बरोबर असेल.